मीसोनचा भंडारा

हनोई, ११ फेब्रुवारी २०२५

दादा,

पिंकीवहिनी म्हणाली, "तुमचा फोन आला म्हटलं की ते उठून अंगणात जात्यात. लिहून पाठवा, वाचत्यात का बघू." म्हणून हॉटेलच्या कागदावर लिहिते आहे. पानांचे फोटो काढून वहिनीच्या मोबाइलवर पाठवीन. तुझा नंबर मी तिच्याकडे मागितलेला नाही, तेव्हा तिच्यावर रागावू नकोस.

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे मध्येच कळून तू मोबाइल उलटा ठेवायला नको. आप्पा माझ्याबरोबर आहेत. होय, व्हिएतनाममध्ये. घोंगडी घेऊन.

सोलापुरात ज्या टूर कंपनीत मी नुसती तिकिटं काढून देत होते, तिनं मला पहिल्यांदा परदेशातली टूर सांभाळायला दिली आहे. गट आपल्या सांगोल्याचाच, ड्रॅगनफ्रूटवाल्यांचा. म्होरके अर्थात बापूसाहेब. आधी शहरं बघायची, जुनी देवळं आणि राजवाडे बघायचे, खेड्यांतून फिरायचं आणि शेवटी दक्षिणेतल्या ड्रॅगनफ्रूटच्या बागा बघून परत यायचं, असा बेत आहे. आप्पा यायला तयार नव्हते. "मेंढरं कोण बघंल?" एवढं एकच म्हणत होते. आईनं आणि मी मिळून त्यांना विमानात बसवलं. खरं सांगते, मी त्यांना बागांसाठी आणलेलं नाही. माणसानं आपल्या शिवारापलीकडचं जग पाहिलं की तो आतून थोडा सैल होतो, असं मला वाटतं. तू हसशील. पण आपल्या घरातली पहिली पदवी मी इतिहासाची घेतली, ती असंच काहीतरी वाटत होतं म्हणून.

आज इथलं साहित्याचं मंदिर पाहिलं. जुन्या काळचं विद्यापीठच म्हण. अंगणात दगडी कासवं रांगेनं बसली आहेत. प्रत्येकाच्या पाठीवर एक उभी शिळा, आणि शिळेवर राजाच्या परीक्षेत पास झालेल्यांची नावं आणि त्यांची गावं. हे सगळं आम्हाला लाननं सांगितलं. लान इथली गाइड, टूरभर आमच्यासोबत आहे. माझ्याच वयाची. भात लावणाऱ्या घरातली, आणि तिच्याही घरात तिच्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. ती इंग्रजीत सांगते, मी गटाला मराठीत सांगते.

आप्पा शिळेपुढे बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "ह्यात मेंढरं राखणाऱ्याचं पोरगं कोण हाय का, इच्यार की तिला."

लान हसली. म्हणाली, शेतकऱ्यांची मुलं नक्की असतील, पण आमच्याकडे मेंढ्या फारशा नसतात.

"मेंढरं न्हाईत? मग ही लोकं थंडीत पांघरत्यात काय?" असं म्हणून आप्पांनी आपली घोंगडी थेट तिच्या खांद्यावर टाकली. इथं सध्या गारठा आहे, दिवसभर बारीक भुरभुर चालू असते. लान ती घोंगडी पांघरूनच पुढचं सगळं मंदिर फिरली. इथं वडिलांपेक्षा मोठ्या माणसाला 'बाक' म्हणतात. ती त्यांना बाक रावजी म्हणते. ते तिला लानबाई.

तुझं नाव त्यांनी काढलेलं नाही. मीही काढलं नाही. विमानात मात्र ढग बघून म्हणाले, "हे बिरूला दाव..." आणि गप्प बसले.

ऋतुजा


निन्ह बिन्ह, १३ फेब्रुवारी

दादा,

वहिनीनं अंगठा पाठवला. तो तिचा की तुझा, कळलं नाही.

इथली खेडी तुला आवडली असती. सपाट भातखाचरं आणि त्यातूनच एकदम वर उठलेले काळे कातळ. नावेत बायका पायांनी वल्हं मारतात, हात मोकळे ठेवून. आणि प्रत्येक खाचरात मधोमध थडगी. पांढरी, रंगीत, कुठं नुसतीच मातीची. आजा-पणजाला आपल्याच रानात ठेवतात. त्याच्या चारी बाजूंनी भात लावतात.

आप्पा म्हणाले, "हे बरं हाय. आज्जा मधी झोपल्यावर नातवाला रान इकायला सुचणार न्हाय."

सगळे हसले. मग ते झालं जे मला तुला सांगायचं नव्हतं. समोरच्या कातळावर शेरडं चरत होती. राखणारं कोणी दिसत नव्हतं. बापूसाहेब मोठ्यानं म्हणाले, "रावजी, बघून घे! हितल्या धन्याचं बरं हाय. कुणाच्या बागंत शिरली तर म्हणायचं, माझी न्हवंतच ती!"

नाव हसली, दादा. सगळी नाव. आप्पा पाण्याकडे बघत राहिले.

म्हणजे गावाला सगळं माहीत आहे. सोमशेखर अण्णांच्या डाळिंबात आपलीच मेंढरं गेली होती, आप्पांचा डोळा लागला होता, आणि ते 'माझी न्हाईत' म्हणत असताना चारचौघांत तू "आमचीच होती" म्हणालास तेव्हा तू खरं बोलत होतास. गाव तेव्हा आप्पांच्या बाजूनं बोललं. "ह्यो माझा न्हाय" असं ते तुझ्याकडे बोट करून म्हणाले, तेव्हाही बापूसाहेब शेजारीच उभे होते ना? तू पेटी उचलून चिंचोळीच्या कारखान्यात गेलास, आणि आता तीच गोष्ट ते नावेत बसून विनोद म्हणून सांगतात.

लाननं मला विचारलं, सगळे का हसले? मी म्हटलं, शेळ्यांचा एक जुना विनोद आहे. तिनं आप्पांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा विचारलं नाही.

ऋतुजा


होई आन, १६ फेब्रुवारी, संध्याकाळ

दादा,

हे पान मी वहिनीला पाठवणार आहे की नाही, अजून ठरलेलं नाही. पण कोणाला तरी सांगितलंच पाहिजे, आणि ज्याला हे कळेल असा माणूस तू एकटा आहेस.

आज रविवार. आप्पांनी कमरेची पिशवी सोडली आणि बस निघायच्या आधी सगळ्यांच्या कपाळाला बिरोबाचा भंडारा लावला. ड्रायव्हरला लावला. लानलाही लावला. ती डोळे मिटून उभी राहिली, आणि मग आरशात बघून तिनं फोटोही काढला.

आम्ही मीसोनला गेलो. डोंगरांच्या कुशीत चाम लोकांनी बांधलेली जुनी शिवमंदिरं. आपला महादेव, दादा! इतक्या लांब, विटांच्या मनोऱ्यांत, संस्कृत शिलालेखांसकट. मी सहा महिने ह्या एका दिवसाची वाट पाहत होते. अमेरिकेच्या युद्धात इथं बॉम्ब पडले. खड्डे अजून आहेत, आता त्यात गवत वाढलंय. पुष्कळ देवळं पडली. लान सांगत होती, मी मराठीत सांगत होते, आणि आपली माणसं पहिल्यांदाच अगदी गप्प राहून ऐकत होती.

आप्पांनी विचारलं, "पूजा कोण करतं?"

मी विचारून सांगितलं, कोणी नाही. हे आता फक्त बघायचं ठिकाण आहे.

"म्हंजी दिवा बी न्हाय?"

"नाही, आप्पा."

त्यानंतर पाच-दहा मिनिटं माझं लक्ष नव्हतं. मथुराबाईंच्या चपलेचा पट्टा तुटला, लान खाली बसून तो बांधत होती, मी त्यांना आधार देत होते. एवढ्यात मनोऱ्याच्या आतून आवाज आला: "बिरोबाच्या नावानं चांगभलं!"

दोरी ओलांडून आप्पा आत गेले होते. बाटलीतलं पाणी त्यांनी पिंडीवर ओतलं, ओल्या दगडाला दोन्ही हातांनी भंडारा माखला आणि उरलेला वर उधळला. भिंतीवरच्या कोरीव कामावर, विटांच्या फटींत, सगळीकडे पिवळं. आपल्या गावात याला कोणी काही म्हणालं नसतं. देव उघडा बसलाय, त्याला भंडारा चढवला, यात चुकलं काय? पण हजार वर्षं जुना दगड आहे तो. हळद ओल्या दगडात किती आत जाते, आईला विचार.

पहारेकरी धावत आले. त्यांनी आधी सगळ्यांच्या कपाळांकडे पाहिलं. मग लानच्या कपाळाकडे.

दादा, तिथंच घोटाळा झाला. त्यांना वाटतंय की गाइडनंच आमची पूजा ठरवली, तीही त्यात सामील होती. तिचं ओळखपत्र काढून घेतलंय. उद्या सकाळी जबाब आहेत. तिनं परवानगी दिली असं ठरलं तर तिला पुन्हा गाइड म्हणून काम करता येणार नाही, असं ती म्हणाली. प्रवाशानं आपल्या मनानं केलं असेल तर प्रवाशाला दंड आणि ताकीद. ती हे सगळं माझ्याशी अगदी शांतपणे बोलली. नंतर मी पाहिलं तर बसच्या मागे उभी राहून ती ओल्या रुमालानं कपाळ घासत होती. हळद अशी निघते का?

जेवताना बापूसाहेबांनी शेंगाचटणीचा डबा फिरवत निकाल देऊन टाकला. "रावजी, सरळ सांगायचं, ह्या पोरीनंच पूजा करा म्हणून सांगितलं. आपल्याला त्यांची भाषा येत न्हाय, कायदा ठावं न्हाय. तिला काय, दुसरी नोकरी मिळंल. तुला हितं अडकवून ठेवलं तर सोडवायला कोण येणार? सांगोल्याचा आमदार?"

मी म्हटलं, "बापूसाहेब, तिनं असं काही सांगितलेलं नाही."

"तू कंपनीची माणूस हायस की सांगोल्याची? आमचा गट परत नीट न्यायचा, एवढं तुझं काम."

आप्पा भाकरी मोडत होते. कडक भाकरी, मोडली की आवाज होतो. नुसती मोडत होते, खात नव्हते.

नंतर मी त्यांच्या खोलीत गेले. म्हटलं, "आप्पा, उद्या खरं सांगा. दंड भरू. तुम्हाला कोणी डांबून ठेवणार नाही."

"तुला काय ठावं?" ते म्हणाले. "पासपोर्ट त्यांच्याकडं हाय. मला हितंच ठेवलं तर? तुझ्या आईला काय सांगशील?" ते भंडाऱ्याच्या पिशवीची गाठ सोडत-बांधत होते, दादा. नखांत अजून पिवळं होतं. मग एकदम चिडले. "तू बी बिरूवानीच बोलायलीस. शिकलेली माणसं बापालाच उभं करत्यात चौकीत."

मी बाहेर आले. उद्या मला त्यांच्या शेजारी बसायचंय. ते मराठीत बोलतील, मी इंग्रजीत सांगायचं, आणि लाननं ते तिथल्या साहेबांना त्यांच्या भाषेत सांगायचं. दुसरा दुभाष्या नाही. ते काय बोलतील?

तू तेव्हा चारचौघांत तोंड उघडलंस, त्याच्या आधी तुलाही असंच वाटलं होतं का?


होई आन, १७ फेब्रुवारी, दुपार

दादा,

झालं. सांगते.

छोटी खोली होती. टेबलापलीकडे पन्नाशीचे एक साहेब, त्यांना थोडंफार इंग्रजी कळत होतं. त्यामुळे लानला काही फिरवून सांगता आलं नसतं, आणि तिनं ते केलंही नसतं. मराठी मात्र त्या खोलीत आम्हा दोघांनाच येत होतं. बापूसाहेबांना बाहेरच बसवलं होतं. आत जाताना ते आप्पांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "ठरलंय तसंच."

साहेबांनी विचारलं, हे तुम्ही केलं का?

आप्पा म्हणाले, "व्हय."

मला वाटलं, सुटलो. मी "येस" म्हटलं, लाननं पुढे सांगितलं.

मग त्यांनी विचारलं, हे करायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं का?

आप्पा टेबलाच्या कडेकडे बघत होते. म्हणाले, "लाननं. लाननंच सांगितलं, तुमचाच देव हाय, करा पूजा."

खोलीत पंखा होता, तो बंद होता. मला बाहेरचा कोंबडा ऐकू येत होता. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. लानही बघत होती. ती कागदावर पेन टेकवून माझं वाक्य यायची वाट पाहत होती.

दादा, आयुष्यभर मी खोटं बोलायचं टाळलंय. तुला माहीत आहे, शाळेत मी बाईंना स्वतःहून सांगायचे की गृहपाठ केला नाही. आणि तिथं मी इंग्रजीत म्हटलं: "माझे वडील म्हणतात की त्यांना कोणीही सांगितलं नव्हतं. आमच्याकडे देवाला असंच करतात, म्हणून त्यांनी केलं. त्यांना वाईट वाटतं."

साहेबांनी हात वर केला. म्हणाले, ते 'लान' असं म्हणाले. दोनदा.

मी म्हटलं, "हो. ते म्हणाले की लानला दोष देऊ नका. लान तेव्हा तिथं नव्हती, ती एका म्हाताऱ्या बाईंची चप्पल बांधत होती."

लाननं ते सांगितलं. साहेबांनी आप्पांकडे बराच वेळ पाहिलं, आणि मग, दादा, ते उठून उभे राहिले. म्हणाले, बहुतेक लोक गाइडवर ढकलतात. हा माणूस सरळ आहे. त्यांनी आप्पांना खुर्ची भिंतीला टेकवून नीट बसायला सांगितलं. दंड झाला, लेखी ताकीद झाली, आप्पांनी सही केली. लानचं ओळखपत्र टेबलावरून सरकत तिच्यापुढे आलं.

बाहेर येताना आप्पांनी विचारलं, "काय म्हणालं सायेब?"

मी म्हटलं, "सुटलात, म्हणाले."

"आणि तिचं?"

"तिचंही कार्ड परत मिळालं."

ते थांबले. "कसं काय? मी तर..." आणि पुढे चालायला लागले. बसमध्ये बापूसाहेबांनी त्यांना जागा करून दिली. "बघ! म्हणलं हुतं की न्हाय!"

मी खरं बोलले की खोटं बोलले? साहेबांना जे कळलं ते सगळं खरं होतं. फक्त ते आप्पा बोलले नव्हते. मी त्यांच्या तोंडात घातलं. पहिल्यांदा मला वाटलं, मी फार मोठं काम केलं. आता तसं वाटत नाही. सारखं मागे वळून बघावंसं वाटतंय.

आणि पुढचं ऐक. लाननं उद्या आप्पांना आणि मला तिच्या घरी जेवायला बोलावलंय. गाव इथून जवळच आहे. बाकी गट होई आनच्या बाजारात फिरणार आहे. आप्पांनी विचारलं, "आपल्याला कशाला बोलवायलीया?" मी काय सांगू? नाही म्हणायला कारण सुचलं नाही.


फान थिएत, १९ फेब्रुवारी

दादा,

मघाशी वहिनीचा निरोप आला: "ते इच्यारतायत पुढं काय झालं." म्हणजे शेवटी पाठवलेली ती पानं तू वाचलीस. मग हेही वाच.

लानचं घर एक मजली, पुढे फरशीचं अंगण. दारातून आत गेलं की समोरच पूर्वजांचा देव्हारा. उदबत्त्या, संत्री आणि फोटो. मधला फोटो तिच्या आजोबांच्या मोठ्या भावाचा, विशीतला पोरगा. युद्धावर गेला तो परत आला नाही, देहही मिळाला नाही. तरी मागच्या खाचरात त्याचं थडगं आहे. आत काही नाही, पण दरवर्षी साफ करतात. आप्पा ते बघून आले आणि देव्हाऱ्यापुढे हात जोडून उभे राहिले. भंडाऱ्याच्या पिशवीला त्यांनी हात लावला नाही.

लानची आई आमच्यापुढे बसली. भात, वाफवलेली भाजी, मासा. इथं सर्वांत मोठ्या माणसाला आधी वाढतात, आणि त्यानं सुरुवात केल्याशिवाय बाकीचे खात नाहीत. तिनं आप्पांपुढे दोन्ही हातांनी वाडगा ठेवला आणि काहीतरी बोलली. लांब बोलली, बोलताना डोळे पुसले. लाननं मला इंग्रजीत सांगितलं.

आप्पा म्हणाले, "काय म्हणती माउली?"

मी काहीही सांगू शकले असते. तुमची तब्येत विचारतात. मासा ताजा आहे म्हणतात. पण एकदा तसं केल्यावर मी कालपासून नीट जेवले नव्हते. मी म्हटलं, "त्या म्हणतात, काल तुम्ही खरं बोललात. माझ्या मुलीला दोष देऊ नका म्हणालात. तुमच्यामुळे तिची भाकरी वाचली. परक्या देशात स्वतःवर घेणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता."

आप्पांनी वाडग्यावरचा हात काढला.

त्यांना कळायला वेळ लागला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मेंढरू हातातून सुटून विहिरीत पडताना ते बघतात ना, तसं.

"तू काय सांगितलं हुतंस त्यांना?"

मी सांगितलं.

भात वाफाळत होता. लानची आई हसत होती, हातानं जेवा, जेवा म्हणत होती. आप्पा जेवत नव्हते, म्हणून कोणीच जेवत नव्हतं.

"तिला सांग," ते म्हणाले, "मी तसं बोललो न्हवतो."

"आप्पा, राहू द्या. झालं ते झालं. तिचं काम वाचलं."

"तू सांग."

"आप्पा, त्यांच्या घरात बसलोय आपण."

"म्हणूनच म्हणतोय. माझंच बोलणं सांग. ह्या वेळंला जसंच्या तसं." आणि त्यांनी लानकडे तोंड वळवलं. "लानबाई, मी भ्यालो हुतो. मी तुझं नाव घेतलं. तू काय सांगितलं न्हवतंस. मी खोटं बोललो. ही माझी पोरगी मधी हुती म्हणून तू वाचलीस. माझ्यामुळं न्हाय."

मी सांगितलं. शब्दाला शब्द. 'भ्यालो' हेही गाळलं नाही.

लाननं आप्पांकडे पाहिलं. मग म्हणाली, "मला माहीत आहे."

मी विचारलं, कसं?

"त्यांनी माझं नाव घेतलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही," ती म्हणाली. "जो आपल्या बाजूनं बोलतो तो आपल्याकडे बघतो. आणि तू उत्तर द्यायला फार वेळ लावलास."

"मग तू साहेबांना..."

"तू जे म्हणालीस तेच मी सांगितलं. माझं काम तेवढंच होतं."

"मग आम्हाला घरी का बोलावलंस?"

"मला बघायचं होतं," ती म्हणाली, "माझ्या आईच्या हातचं ते जेवतात का."

हे मी आप्पांना मराठीत सांगितलं. शेवटचं वाक्यही सांगितलं. ते मान खाली घालून बसले. मला वाटलं, आता उठतील आणि चालत होई आनला जातील.

लानच्या आईला काहीच कळलेलं नव्हतं. ती एकदा आमच्याकडे, एकदा मुलीकडे बघत होती. तिनं काहीतरी विचारलं. लाननं आमच्याकडे पाहिलं आणि मग आईला दोन-तीन वाक्यांत उत्तर दिलं. काय दिलं ते मला माहीत नाही आणि मी विचारलं नाही. आईचं हसू गेलं. ती पुढे झाली आणि तिनं आप्पांच्या समोरचा वाडगा उचलून घेतला. आप्पांनी डोळे मिटले. बाई आत गेली. आतून झाकणाचा आवाज आला. ती परत आली, तेव्हा हातात दुसरा वाडगा होता. गार झालेला भात काढून तिनं गरम वाढून आणला होता. तिनं तो त्यांच्यापुढे ठेवला, या वेळी एकाच हातानं, आणि समोर बसून राहिली.

आप्पांनी घास घेतला. मग सगळ्यांनी घेतला.

निघताना लाननं त्यांना बाक रावजी म्हणून नमस्कार केला. आधीसारखा की वेगळा, मला सांगता येणार नाही.

ऋतुजा


सोलापूर, २७ फेब्रुवारी

दादा,

आम्ही परत आलो. लान फान थिएतपर्यंत आमच्यासोबत होती. बागा पाहिल्या, मैलोन् मैल, आपल्या दोन एकर बागेची लाजच वाटावी अशा. आप्पा सगळ्यांच्या मागून चालायचे. तिथं बापूसाहेब पुन्हा एकदा ती चौकीची गोष्ट रंगवून सांगायला लागले, तेव्हा आप्पा म्हणाले, "बापू, बास. खोटं हाय ते." एवढंच. बापूसाहेबांचं तोंड उघडंच राहिलं. गटात त्यानंतर कोणी आप्पांशी फारसं बोललं नाही. विमानात त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती, म्हणून मी जाऊन बसले.

तिथं ते माझ्यावर रागावले. मला वाटलं होतं, आता शाबासकी मिळेल.

"माझ्या तोंडचं बदलायचं तुला कुणी सांगितलं?" ते म्हणाले. "मी खोटा तर खोटा. तू मला चांगला करून दावलंस. मग त्या बाईनं दोनी हातानं वाढलं ते कुणाला? मला न्हाय. माझं म्हणून जे काय हुतं, ते बी तू काढून घेतलंस."

मी म्हटलं, "मग लानचं काम जाऊ द्यायचं होतं का?"

ते खिडकीबाहेर बघत राहिले. "तसं बी न्हाय," म्हणाले. दादा, मला अजून उत्तर सापडलेलं नाही. लानचं ओळखपत्र तिच्या गळ्यात परत आलं, त्यासाठी जे केलं ते पुन्हा करावं लागलं तर मी पुन्हा करीन. आणि आप्पांचं म्हणणंही खरं आहे. दोन्ही खरं असलं तर माणसानं काय करायचं, हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नाही.

काल त्यांनी गावाहून फोन केला. आधी आईच्या गुडघ्याचं बोलले, मग टँकरचं. मग म्हणाले, "बिरूचं घर कुंभारीत कुटं पडतं?"

मी सांगितलं. वहिनीनं मागे खूण सांगितली होती, तीच सांगितली.

"रविवारी जाईन म्हणतो," ते म्हणाले. "तू ये की संगं. तुला बोलायला बरं जमतं. माझं कायतरी वाकडंतिकडं जाईल, तू सांभाळून घेशील."

मी नाही म्हटलं. त्यांनी दोनदा विचारलं, मी दोनदा नाही म्हटलं. दुसऱ्यांदा त्यांचा आवाज जबाबाच्या आदल्या रात्रीसारखा झाला होता, भ्यालेला, आणि मला फार वाटलं की हो म्हणावं. म्हटलं नाही.

म्हणून तुला आधी कळवते आहे. ते काय बोलतील मला माहीत नाही. त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. कदाचित डाळिंबाच्या बागेचं बोलतील. कदाचित तुझ्यावरच ओरडतील. कदाचित चहा पिऊन, पिंकीवहिनीला पोराबाळांचं विचारून, तसेच उठून येतील. तू त्यांना आत घेशील की अंगणातूनच परत पाठवशील, तेही मी विचारत नाही. मी मध्ये असले तर त्यांचं बोलणं तुला जरा गोड करून सांगेन आणि तुझं त्यांना. मला ते थांबवता येणार नाही, आता मी स्वतःला ओळखते.

तुम्हा दोघांना एकच भाषा येते. रविवारी दुपारच्या एसटीनं ते येतील.

ऋतुजा